कोण अक्का? सोलापुरातल्या महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि परीक्षा विभागप्रमुख,
यांस सविनय नमस्कार.

मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्व भागात राहते. आई विडी वळते. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आता त्यांच्याने फार वेळ उभं राहवत नाही. गेल्या तीन सेमिस्टरपासून मी परीक्षेच्या दिवसांत कॉलेजात पर्यवेक्षणाचं काम करते. तुमच्या बोलण्यात ज्याला ब्लॉकवरचा, म्हणजे परीक्षेच्या एका खोलीवरचा, ज्युनिअर सुपरवायझर म्हणतात, ते काम. ब्लॉकमध्ये तीन तास मी उभी असते, पण कागदावर मी कुठेच नसते. हे पत्र त्याबद्दल आहे.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. माझ्या ओळखीचे सात-आठ जण वेगवेगळ्या कॉलेजांत हेच काम करतात आणि सगळ्यांचं सांगणं थोड्याफार फरकाने एकच आहे. एका कॉलेजवर बोट ठेवलं की बाकीचे सुटल्यासारखे होतील, आणि ज्या सरांनी मला हे काम दिलं त्यांनी ते माझी गरज ओळखून दिलं, हेही मला विसरायचं नाही.

तुमची अडचण मला कळते. सेमिस्टरमुळे वर्षातून दोनदा परीक्षा, त्यात अंतर्गत मूल्यमापन, त्यात मागच्या वर्षांचे राहिलेले पेपर. नवीन शैक्षणिक धोरण पदवीला लागू झाल्यापासून जुना अभ्यासक्रम आणि नवा अभ्यासक्रम असे दोन्ही पेपर एकाच आठवड्यात येतात. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. निम्मे सर-मॅडम तासिका तत्त्वावर, आणि त्यातले कित्येक जण दोन-दोन कॉलेजांत शिकवतात. ब्लॉक बारा आणि माणसं आठ असली की परीक्षा विभागाचे सर मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघणारच. पदव्युत्तर वर्गातली, शांत, वेळेवर येणारी चार पोरं निवडतात आणि म्हणतात, "उद्या दहाला ये." महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे परीक्षेच्या कामात मदत करणं शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर बंधनकारक आहे. ते बंधन पुरं करायला माणसं कमी पडली की आम्ही येतो. यायला मला आवडतंही. या पैशांतून माझा बसचा पास आणि झेरॉक्सचा खर्च निघतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या जिल्ह्यात 'कमवा आणि शिका' उभं केलं तो सातारा आपल्यापासून लांब नाही. शिकता शिकता हातांनी काम करण्यात कमीपणा नसतो हे आम्हाला शाळेपासून शिकवलेलं आहे. पण तिथे काम करणाऱ्या मुलाचं नाव वहीत असतं, किती तास, कुठे, काय काम, सगळं.

आता त्या दिवसाचं सांगते.

एप्रिलची परीक्षा. बी.कॉम. भाग एक, फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर. दुसरा मजला, पश्चिमेच्या खिडक्या, तीस जणांचा ब्लॉक. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पारा 42 अंशांच्या वर, पंखा फिरतो तो गरम वारा ढवळायला. पोरं तळहाताखाली रुमाल धरून लिहीत होती, नाहीतर घामानं शाई पसरते आणि जर्नलच्या रकान्यातले आकडे एकमेकांत मिसळतात.

दुपारच्या सत्राआधी कंट्रोल रूममध्ये गठ्ठा हातात पडला तेव्हा सूचना दोन मिनिटांत आटोपल्या. हॉल तिकीट बघ. सीट नंबर अक्षरात आणि अंकात जुळतो का बघ. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेऊ नको. मोबाइल बाहेर. मी विचारलं, सही? "सही तू करायची नाही, सर येऊन करतील." सरांकडे माझ्या ब्लॉकसकट तीन ब्लॉक होते. पहिल्या अर्ध्या तासात ते आले, तीसच्या तीस उत्तरपत्रिकांवर भराभर सह्या केल्या, उपस्थितीपत्रक घेतलं आणि पुढच्या ब्लॉककडे गेले.

जाता जाता म्हणाले, "तुला तेलुगू कळतं ना, म्हणून हा ब्लॉक तुला दिलाय. लक्ष ठेव." पूर्व भागातली पोरं आपापसात तेलुगूत कुजबुजतात आणि सरांना ते कळत नाही, हे खरं आहे. त्या तीन तासांत मी तेलुगूत जे ऐकलं ते असं: पंखा वाढवायला सांग. किती वाजले. डोकं दुखतंय. घरी जी भाषा मी आईशी बोलते तिच्यावर कान लावून उभं राहणं मला फार जड गेलं. हे मी त्या दिवशी सरांना सांगितलं नाही, ते इथे सांगते.

अकाउंट्सच्या पेपरला पुरवण्या शेवटच्या तासात लागतात. ताळेबंद जुळत नाही, पोरं अख्खं पान खोडतात आणि नव्यानं मांडायला घेतात. दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या बाकावरून हात वर झाला. "अक्का, पुरवणी." आमच्या मागच्या गल्लीतली पोरगी. आमच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. वर्गात मॅडम म्हणायचं तिला सुचलं नाही आणि मलाही ते खटकलं नाही. मी पुरवणी दिली. ब्लॉकचा जो रिपोर्ट भरून द्यायचा असतो त्यावर मी काही लिहायचं नव्हतं, म्हणून सीट नंबर एका कच्च्या कागदावर टिपून ठेवला.

तेवढ्यात तिचं पेन बंद पडलं. तिनं ते झटकलं, तळव्यावर घासलं, बाकाच्या कडेवर गिरवून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. शेजारणीकडून मागू दिलं तर बोलणं होणार. शेवटची पंचवीस मिनिटं राहिली होती. माझ्या ओढणीला अडकवलेलं जेल पेन काढून मी तिला दिलं. मुख्य उत्तरपत्रिका बॉलपेनच्या फिकट निळ्या शाईत आणि पुरवणी जेलच्या गडद निळ्या शाईत, असं झालं. त्या वेळी हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तिचा ताळेबंद जुळावा एवढंच मनात होतं.

त्या दिवशी अकरा पुरवण्या गेल्या. शेवटची घंटा झाली, पोरांनी दोरे बांधले, मी सीट नंबरप्रमाणे गठ्ठा लावला. सर धावत आले. वरवर चाळून दिसतील त्या पुरवण्यांवर सह्या केल्या आणि रिपोर्टमध्ये आकडा टाकला, पुरवण्या 11. दोन पुरवण्या उत्तरपत्रिकेच्या आत दुमडून बांधलेल्या होत्या. त्यांवर सही राहिली. त्यांतली एक तिची. माझा कच्चा कागद टेबलावरच राहिला आणि संध्याकाळच्या झाडलोटीत गेला.

निकाल लागला तेव्हा तिचा निकाल राखून ठेवलेला. पुरवणीवर पर्यवेक्षकाची सही नाही आणि शाई वेगळी, म्हणजे पुरवणी बाहेरून लिहून आणली असावी, असा संशय. दुसऱ्या बिनसहीच्या पुरवणीची शाई मुख्य उत्तरपत्रिकेसारखीच होती, म्हणून ती निभावली. तिला समितीपुढे बोलावलं. तपासणाऱ्यांचं यात चुकलं असं मी म्हणत नाही. बिनसहीचा कागद बघून संशय यावा यासाठीच तर सही असते.

"ही पुरवणी तुझ्याकडे कुठून आली?"
"अक्कांनी दिली."
"कोण अक्का?"

रिपोर्टवर सरांचं नाव आणि सरांची सही. त्या ब्लॉकमध्ये कुणी बाई पर्यवेक्षक नव्हतीच, असं कागद सांगत होता. पोरगी खोटं बोलतेय असं समितीला वाटलं तर नवल नाही. अठरा वर्षांची पोरगी, चार मोठ्या माणसांपुढे उभी, आणि जे खरं तेच सांगितल्यानं आणखी अडकलेली.

मला हे तिच्या आईकडून कळलं. विड्यांचा माल द्यायच्या रांगेत ती माझ्या आईच्या पुढे उभी होती. मागे वळून तिनं विचारलं, "तुमच्याच पोरीनं दिली होती ना पुरवणी?" आईला पुरवणी म्हणजे काय ते माहीत नाही. घरी येऊन तिनं मला एवढंच विचारलं, "तू त्या पोरीला काय दिलंस?"

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागात गेले. मीच पुरवणी दिली, मीच पेन दिलं, लिहून देते, म्हणाले. समोरून उत्तर आलं, "तुझं लिहिलेलं घेऊन आम्ही काय करायचं? तू ब्लॉकवर होतीस असं कागदावर कुठे आहे? आणि होतीस असं दाखवलं तर सरांवर येईल." सर बाहेर व्हरांड्यात उभे होते. ते स्वतः तासिका तत्त्वावर. त्यांच्या डोळ्यांत बघून मला पुढे बोलवेना. त्यांनीही कुणी सांगितलं म्हणूनच तीन ब्लॉक घेतले होते.

शेवटी मार्ग काढला तो कार्यालयातल्या एका लिपिक मॅडमनी. पुरवण्यांवर छापील अनुक्रमांक असतात. कोणत्या ब्लॉकला कोणत्या क्रमांकाचा गठ्ठा दिला याची त्यांनी साठा नोंदवहीत नोंद ठेवली होती. तिच्या पुरवणीचा क्रमांक त्या दिवशी माझ्या ब्लॉकला दिलेल्या गठ्ठ्यातला निघाला. पुरवणी बाहेरची नाही हे एका ओळीनं सिद्ध झालं. तीन आठवड्यांनी निकाल सुटला. ती पास आहे. ज्या मॅडमनी ती नोंद ठेवली त्यांचे आभार मी त्यांना भेटून मानले आहेत, इथे पुन्हा मानते.

पण ती नोंद नसती तर काय झालं असतं, याचा विचार करून मला आजही रात्री जाग येते. चूक माझी होती. पुरवणी देतानाच तिच्यावर सही लागते हे मला माहीत हवं होतं आणि वेगळं पेन दिलं तर तशी नोंद करायला हवी होती. ही चूक मी माझ्या नावावर घ्यायला तयार होते. घ्यायला नावच नव्हतं. माझी चूक कागदावरून सरकत सरकत त्या पोरीच्या अंगावर जाऊन पडली, कारण आम्हा दोघींत कागदावर नाव फक्त तिचं होतं.

माझ्या आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागे ठेवलेलं असतं. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं कामगार मानलं आणि 1976 च्या कल्याण निधी कायद्यातून तिच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. त्या कार्डावर मी अकरावी-बारावी शिकले. आई सांगते, पूर्वी कार्ड नव्हतं तेव्हा दिवसभर वळलेल्या विड्या कुणाच्या, हे कारखाना म्हणेल ते. आमच्या भागातल्या बायका मोर्चे काढून, रस्त्यावर बसून बसून या कागदापर्यंत पोचल्या. सोलापूरजवळच्या कुंभारीला, आदिवासींसाठी लढलेल्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची 10,000 घरं उभी राहिली ती याच बायकांच्या लढ्यातून. त्या बायकांपैकी एकीची पोरगी तुमच्या कॉलेजात शिकायला येते आणि तिथे पुन्हा बिनकागदाच्या कामाला उभी राहते, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटू नये.

म्हणून माझं मागणं हे आहे. विद्यार्थ्याला पर्यवेक्षणाला उभं करणार असाल तर त्याच्या नावाचा लेखी आदेश काढा. तारीख, सत्र, ब्लॉक क्रमांक, सोबत जबाबदार शिक्षक कोण. ब्लॉकच्या रिपोर्टमध्ये शिक्षकाच्या नावाखाली विद्यार्थी सहायकाचं नाव आणि सही घ्या. नियमात तसं बसत नसेल तर मग आम्हाला त्या ब्लॉकमध्ये एकटं ठेवू नका. पाणी देणं, पुरवण्या पोचवणं, बाकांवर सीट नंबर चिकटवणं, गठ्ठे लावणं, ही कामंही कामंच आहेत, ती आम्ही आनंदानं करू. पण शिक्षक कागदावर आणि विद्यार्थी वर्गात, हा प्रकार बंद व्हायला हवा.

आदेशासोबत एक तास शिकवा. एकच तास. मला जे कुणी सांगितलं नाही ते एका तासात सांगून होतं. पुरवणी देताना क्रमांक कुठे लिहायचा, सही कधी करायची, बारकोड चुकीचा चिकटला तर काय, कुणाला चक्कर आली तर पेपर कुणाच्या ताब्यात द्यायचा, मुलीला बाहेर जायचं असेल तर सोबत कोण.

आणि लेखनिक घेऊन बसणाऱ्या मुलांबद्दल नक्की सांगा. मागच्या सेमिस्टरला एका दृष्टिहीन मुलाच्या खोलीत मला ठेवलं होतं. सगळ्या ब्लॉकची घंटा झाली तशी मी त्याची उत्तरपत्रिका मागितली. त्यानं शांतपणे सांगितलं, "ताई, माझे अजून चाळीस मिनिटं आहेत." पेपर दोन तासांचा होता. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. स्वतःचा हक्क त्याला मला समजावून सांगावा लागला, आणि समजावण्यात त्याची पाच मिनिटं गेली. ती मी त्याला शेवटी वाढवून दिली, पण ती द्यायचा अधिकार मला होता का, हे मला आजही ठाऊक नाही. तो भित्रा असता तर त्यानं उत्तरपत्रिका देऊन टाकली असती.

कॉपीच्या बाबतीत एक विनंती. विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात 1982 पासून कायदा आहे. केंद्राचा 2024 चा कायदा मोठ्या भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी आहे. त्यात तीन ते पाच वर्षं कैद आणि 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परीक्षा इतकी गंभीर मानली जाते, तर कुणाची झडती घ्यायचं, कुणाला पकडायचं काम विद्यार्थ्याच्या गळ्यात घालू नका. आम्हाला दिसलं तर आम्ही शिक्षकांना सांगू. पुढचं त्यांनी बघावं. ज्या मुलाला आज मी पकडून देईन तो संध्याकाळी माझ्याच सिटी बसमध्ये असतो. माझ्या एका मित्राला गेटबाहेर अडवून दोघांनी दम दिला. त्यानं काम सोडलं. त्याला पैशांची माझ्याहून जास्त गरज होती. आपल्याच वर्गाच्या, आपल्याच गल्लीच्या मुलांवर आम्हाला नेमू नका, एवढं तर बैठक व्यवस्था लावतानाच जमण्यासारखं आहे. आणि भाषा कळते म्हणून कुणाला नेमू नका.

मानधनाबद्दल थोडक्यात सांगते. ते परीक्षा संपल्यावर पंधरा दिवसांत, खात्यावर, ज्याचं त्याच्या नावानं जमा व्हावं. दुसऱ्याच्या नावानं निघालेल्या बिलातून पाकिटात मिळालेले पैसे घेताना मान खाली जाते.

यातलं काहीच खर्चाचं नाही. आदेशाला एक कागद लागतो, शिकवायला एक तास, आणि रिपोर्टच्या नमुन्यात एक जादा ओळ. तुमच्यापैकी कुणी हे करत असाल तर तुमचा नमुना बाकीच्या कॉलेजांना द्या. परीक्षा विभागाचे सर एकमेकांना ओळखतात हे मला माहीत आहे, पेपरच्या गठ्ठ्यांसाठी तुमचे फोन चालूच असतात.

त्या पोरीनं माझं पेन निकालानंतर परत आणून दिलं. दारातच उभी राहिली, आत आली नाही. मी तिला म्हणाले, चूक माझी होती. ती म्हणाली, "पण अक्का, मी तर खरंच सांगितलं होतं." समितीकडून तिला निकाल मिळाला. तुझं खरं होतं, असं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते त्या कॉलेजनं तिला लेखी कळवावं. हे पत्र वाचून संबंधितांना आपलं कॉलेज कोणतं ते कळेलच.

येत्या परीक्षेसाठी मला पुन्हा फोन आला आहे आणि मी होकार दिला आहे. पेपर साडेदहाला आहे, मी दहाला कंट्रोल रूममध्ये हजर असेन. माझ्या नावाचा आदेश आदल्या दिवशी तयार ठेवलात तर मी तो घरी नेईन. आईला बघायचा आहे.

आपली नम्र,
एम.कॉम. भाग 2 ची एक विद्यार्थिनी
सोलापूर